बेडूक काय औषध पितो काय?

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं.)

मागचे दोन आठवडे भाग आला नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. ऑफिसात रिलीज होता आणि ज्यांनी रिलीज बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

आज बेडकांबद्दल बोलायचंय. हा काही माझा विषय नाही. मी बीटेक केलंय कॉम्प्युटरमध्ये, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पण मागच्या वर्षी जुलैत बाबांनी मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर नीट देता आलं नाही. ते तेव्हापासून डोक्यात राहिलंय.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घरची भाताची थोडी खाचरं आहेत. लावणीच्या दिवसांत मी आठ-दहा दिवस घरून काम करतो. लॅपटॉप घेऊन माळ्यावर बसतो, कारण रेंज तिथेच येते. त्या वर्षी लावणी आटोपली होती आणि बाबांनी पाठीवर पंप घेऊन बांधांवर आणि कडेकडेने तणनाशक मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत खालच्या खाचराकडे गेलो, तर बांधाच्या कडेला सहा-सात बेडूक मरून पडलेले. लहान होते, अंगठ्याच्या पेराएवढे. नुकते शेपूट जिरून जमिनीवर आलेले.

मी तसाच घरी आलो. म्हटलं, "बाबा, काल काय मारलंत तुम्ही? बेडूक मेलेत सगळे."

बाबा पडवीत चहा घेत होते. म्हणाले, "औषध मी गवतावर मारलं. बेडूक काय औषध पितो काय?"

आता बघा, तो टोमणा होता. पण प्रश्न म्हणून घेतला तर एकदम बरोबर प्रश्न आहे. बेडूक गवत खात नाही. औषध तोंडाने प्यायलाही जात नाही. मग ते त्याच्या पोटात गेलं कसं? मला हे समजावून सांगता आलं असतं. त्याऐवजी मी आवाज चढवला, "तुम्ही शेतात विष घालता" वगैरे बोललो. बाबा उठून गोठ्यात गेले. दुपारी आम्ही एकमेकांशी न बोलता जेवलो.

तर आजचा भाग म्हणजे त्या सकाळी मी द्यायला हवं होतं ते उत्तर.

सुरुवात शाळेपासून करू. "बेडूक त्वचेद्वारे श्वसन करतो." हे वाक्य आपण सगळ्यांनी लिहिलंय, एक मार्क मिळवलाय आणि पुढे गेलोय. मला कित्येक वर्षं वाटायचं की याचा अर्थ बेडकाला फुफ्फुसं नसतात. तसं नाही. बेडकाला दोन फुफ्फुसं असतात. फक्त ती आपल्यासारखी भरत नाहीत. आपल्याला बरगड्यांचा पिंजरा आहे आणि खाली पडदा आहे. तो खाली गेला की हवा आत ओढली जाते. बेडकाला ना तसा पडदा, ना पिंजरा. म्हणून तो हवा ओढत नाही, ढकलतो. बेडूक शांत बसलेला असला की त्याचा गळा सारखा लपलपताना दिसतो, बघितलंय ना? गळ्याचा तळ खाली जातो, नाकपुड्यांतून हवा तोंडात येते. मग नाकपुड्या बंद होतात, गळा वर येतो आणि हवा फुफ्फुसात ढकलली जाते. सायकलच्या पंपासारखं. म्हणूनच बेडकाचं तोंड उघडं धरून ठेवलं तर त्याला फुफ्फुसात हवा भरता येत नाही. पंपाची टोपीच उघडी राहिली म्हणा ना.

पण हा पंप काही फार दमदार नाही. म्हणून सोबतीला कातडी.

बेडकाची कातडी हातात घेऊन बघितलीत तर कळेल, ती पातळ असते, ओलसर असते आणि तिच्यावर ना खवले, ना केस, ना पिसं. तिच्यात श्लेष्मा सोडणाऱ्या ग्रंथी असतात, त्या तिला बुळबुळीत ठेवतात. आणि कातडीच्या लगेच खाली रक्ताच्या केसासारख्या बारीक नळ्यांचं दाट जाळं. हवेतला ऑक्सिजन आधी त्या ओलाव्यात विरघळतो आणि मग पातळ थर ओलांडून रक्तात जातो. यात कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही. बाहेर जास्त आहे, आत कमी आहे, एवढ्याच कारणाने तो आत जातो. गरम पाण्यात चहाची पुडी सोडली की रंग आपोआप पसरतो, तसं. कार्बन डायऑक्साइड याच वाटेने उलटा बाहेर येतो.

इथे ओलावा महत्त्वाचा. कातडी वाळली की विरघळण्याचं कामच थांबतं. रणरणत्या उन्हात डांबरी रस्त्यावर अडकलेला बेडूक तहानेने तर मरतोच, पण त्याचा श्वासही अर्धा बंद होतो.

मग आपण का नाही कातडीतून श्वास घेत? दोन कारणं. एक, आपली कातडी जाड आहे आणि तिच्यावर मेलेल्या पेशींचा कोरडा थर आहे. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून तो आहे, पण त्यामुळे हवाही आत येत नाही. दुसरं कारण आकाराचं. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला तास लागेल. तोच गूळ चुरून टाकला तर मिनिटभरात विरघळेल. गूळ तेवढाच, पण चुऱ्याला पाणी लागायला जागा जास्त. बेडूक हा चुरा आहे आणि आपण ढेप. लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडी खूप मिळते. आपल्या बाबतीत उलटं. माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण २ चौरस मीटर. फुफ्फुसाच्या आतल्या पुटकुळ्या उलगडून पसरल्या तर ते ७० चौरस मीटरच्या आसपास जातं, म्हणजे पुण्यातला बऱ्यापैकी टू बीएचके. आपल्याला एवढा फ्लॅट छातीत घडी घालून ठेवावा लागतो.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की कातडीचा श्वास म्हणजे बेडकाचा जुगाड नाही. त्यासाठी शरीरात वेगळी लाइन टाकलेली आहे. बेडकाच्या हृदयातून निघणारी एक रक्तवाहिनी पुढे दोन ठिकाणी फुटते. एक फाटा फुफ्फुसाकडे आणि दुसरा थेट कातडीकडे. म्हणजे शुद्ध व्हायला जाणारं रक्त दोन्हीकडे पाठवलं जातं. कातडी हे त्याचं दुसरं फुफ्फुसच आहे, फक्त बाहेर पांघरलेलं.

आता काम कोण किती करतं? हे मोजलं ऑगस्ट क्रोग नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने. त्यांना पुढे १९२० साली नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी, केशवाहिन्यांवरच्या. पण १९०४ मध्ये त्यांनी बेडकाच्या फुफ्फुसाचा आणि कातडीचा हिशोब वेगवेगळा मांडला. त्यातून दिसलं असं की कातडीतून येणारा ऑक्सिजन जवळपास ठरलेला असतो, पगारासारखा. बेडूक उड्या मारू लागला, त्याला जास्त लागला, तर तो जास्तीचा ऑक्सिजन फुफ्फुसं आणतात. ते ओव्हरटाइम. कार्बन डायऑक्साइडचं मात्र उलटं, तो बहुतेक सगळा कातडीतूनच बाहेर जातो. कारण तो पाण्यात ऑक्सिजनपेक्षा वीसेक पट सहज विरघळतो, त्याला ओली कातडी म्हणजे सताड उघडं दार.

म्हणजे शाळेतल्या त्या वाक्यात दुरुस्ती करायची तर अशी: बेडूक ऑक्सिजन दोन्हीकडून घेतो, पण कार्बन डायऑक्साइड टाकायला त्याला कातडीच लागते.

काही ठिकाणी तर कातडी एकटी सगळं सांभाळते. युरोपातला साधा तपकिरी बेडूक हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी जाऊन बसतो. वर बर्फ असतो, आणि श्वास घ्यायला तो कित्येक आठवडे वर येत नाही. थंडीत त्याची गरज अगदी कमी झालेली असते आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. दोन्ही बाजूंनी गणित जुळतं.

दुसरा नमुना दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर. तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर आहे. तिथला बेडूक जवळपास सगळं आयुष्य पाण्याखाली काढतो. त्याची फुफ्फुसं लहान आणि कातडी इतकी सैल की मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी घड्या-घड्यांनी लोंबते. घड्या म्हणजे जास्तीची जागा. आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी पडायला लागला की तो तळावर उभा राहून चक्क अंग वर-खाली करतो. जोर मारतात तसे. का? तर कातडीला लागून असलेलं पाणी वापरून झालेलं असतं, ते हलवून ताजं पाणी आणायला. हवा बदलायला आपण पंखा लावतो, तो स्वतःच पंखा होतो.

एक गंमत सांगतो. २००८ मध्ये बातमी आली होती की बोर्निओतल्या एका बेडकाला फुफ्फुसंच नाहीत, जगातला असा पहिला बेडूक. पुढे २०२४ मध्ये त्याचे बारकाईने सीटी स्कॅन केले, तेव्हा छोटीशी फुफ्फुसं सापडली. बग क्लोज केला, पुन्हा ओपन झाला. विज्ञानातही होतं, वाचून बरं वाटलं. फुफ्फुसं पूर्ण सोडून दिलेले नातेवाईक मात्र खरोखर आहेत. सॅलमँडरचं एक आख्खं मोठं कुटुंब, सुमारे ५०० जातींचं, फुफ्फुसांशिवाय जगतं.

हां, तर आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. बेडूक काय औषध पितो काय?

बेडूक तर पाणीसुद्धा पीत नाही! तोंडाने म्हणजे. त्याच्या पोटाच्या खालच्या भागात, मागच्या मांड्यांच्या मधे, कातडीचा एक पट्टा असतो. तिथे रक्तवाहिन्या भरपूर. तहान लागली की बेडूक ओल्या मातीवर मांड्या पसरून बसतो आणि तिथून पाणी आत घेतो. बांधावर निवांत बसलेला दिसतो ना, तो कदाचित पाणी पीत असतो.

म्हणजे एका कातडीवर किती कामं आहेत बघा. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर, पाणी आत, आणि रक्तातल्या क्षारांचं प्रमाण राखणं. आमच्याकडे एकाच सर्व्हरवर सगळं चालवायचं आणि त्याला बॅकअप ठेवायचा नाही, असं कुणी केलं तर त्याला मीटिंगमध्ये उभं करतात. बेडकाने नेमकं तेच केलंय. कोट्यवधी वर्षं चाललंही, कारण बाहेरचं पाणी ठीक होतं.

हे एक दार बिघडलं तर काय होतं, ते जगाने बघितलंय. गेल्या काही दशकांत ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडूक अचानक मरायला लागले. माणूस फिरकत नाही अशा जंगलांतसुद्धा. गुन्हेगार निघाली एक बुरशी, कायट्रिड नावाची. ती फक्त कातडीत वाढते. कातडीतल्या बुरशीने अख्खा प्राणी मरतो कसा, हे बरीच वर्षं कोडं होतं. आपल्याला नायटा झाला म्हणून आपण मरत नाही ना! २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवर केलेल्या अभ्यासातून उत्तर मिळालं. आजारी कातडीला क्षारांचा तोल राखता येत नव्हता. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम खाली गेलं आणि शेवटी हृदय थांबलं. त्या बेडकांना क्षारांचं पाणी पाजलं तेव्हा ते थोडे जास्त काळ जगले. २०१९ मध्ये जगभरचा हिशोब मांडला गेला: या आजाराने किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यातल्या ९० जाती बहुधा कायमच्या गेल्या. ही बुरशी आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडली आहे, पण तिकडच्यासारखी सामूहिक मरणं आपल्याकडे नोंदलेली नाहीत. तेवढं नशीब.

आता औषधाचं. जे दार ऑक्सिजनला आत घेतं ते विचारत नाही, "आपण कोण?" पातळ, ओली, रक्ताला चिकटलेली कातडी. तिच्यावर फवारा पडला तर त्यातलं बरंच काही सरळ रक्तात. २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हे तपासलं. त्यांनी मघाच्याच तपकिरी बेडकाची पिल्लं घेतली आणि शेतात वापरात असलेली सात वेगवेगळी औषधं, त्यात बुरशीनाशकं होती, तणनाशकं होती, कीटकनाशक होतं, त्यांच्यावर फवारली. डबीवर लिहिलेल्या मात्रेतच. एका बुरशीनाशकाने तासाभरात सगळी पिल्लं मेली. आणि त्याच बुरशीनाशकाचं दुसरं रूप, ज्यात द्रावक कमी होता, त्याने बरीच कमी मेली. म्हणजे मारणारं फक्त मूळ औषध नसतं. ते विरघळवायला, पानाला चिकटवायला जे घातलेलं असतं, तेही कातडीतून आत जातं. डबीवर मोठ्या अक्षरात त्याचं नाव नसतं.

आमच्या बांधावरचे बेडूक कशाने मेले हे मी सिद्ध करू शकत नाही. बाबांनी मारलेलं औषध त्या सातांत नव्हतं. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं. बेडूक औषध पीत नाही. बेडूक ते श्वासातून घेतो.

त्या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा पडवीत बसून हे सगळं बाबांना सांगितलं. या वेळी आवाज न चढवता. टिटिकाकाच्या बेडकाचे जोर करूनही दाखवले, आई हसत होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे त्याचं फुफ्फुस आपण उघड्यावर धरून फवारतो म्हण की."

माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे वाक्य चांगलं होतं.

आणि मग म्हणाले, "बरं. पण बेणणी कोण करणार?"

बेणणी म्हणजे हाताने तण काढणं, घाटावर निंदणी म्हणतात. आणि हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. गावात हाताखाली माणसं मिळत नाहीत. का मिळत नाहीत? कारण माझ्यासारखे सगळे पुण्या-मुंबईत बसलेत. मी एसीत बसून मेलेले बेडूक मोजायचे आणि बाबांनी वाकून तण काढायचं, हे काही बरोबर नाही. तणनाशकाची डबी बाबांनी हौसेने आणलेली नाही. ती माझ्या जागेवर आली आहे.

मग आमचं ठरलं ते छोटंसंच. खालचं खाचर, ज्याच्या कडेला पाणी साठतं आणि बेडूक अंडी घालतात, तिथे आणि त्याच्या बांधावर औषध मारायचं नाही. पंप पऱ्यात धुवायचा नाही, म्हणजे आमचा ओढा तो. बाकीच्या खाचरांना मारायचं झालं तरी पाऊस अंगावर असताना नाही. आणि खालच्या खाचराच्या बेणणीला मी दोन शनिवार-रविवार यायचं.

या वर्षी मी एकच शनिवार-रविवार गेलो. दुसऱ्या वेळी ऑफिसात अडकलो. उरलेलं आई-बाबांनी काढलं, आणि त्याबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. पुढच्या वर्षीची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.

बेडूक वाढले का? एका पावसात असं काही सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. पण जूनमध्ये बाबांचा फोन आला होता. पहिला मोठा पाऊस पडून गेलेला, पिवळेधमक झालेले मोठे बेडूक खाचरात आले होते. आपल्याकडच्या त्या मोठ्या बेडकांचे नर विणीच्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या. बाबा म्हणाले, "तुझे पाहुणे आलेत. झोपू देत नाहीत रात्रभर." आणि फोन तसाच बाहेर धरला. मी कंपनीच्या कँटीनमध्ये उभा राहून ते ऐकलं.

जाता जाता दोन-तीन गोष्टी, शहरातल्यांसाठीही. बाथरूममध्ये बेडूक आला तर मीठ टाकू नका, फिनेल ओतू नका. आता तुम्हाला माहीत आहे ते कुठून आत जातं. डबा उपडा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, बाहेर नेऊन ओल्या जागी सोडा. हातात घ्यायची वेळ आलीच तर हाताला सॅनिटायझर, डासांचं मलम, साबण काही नको, साध्या पाण्याने ओला केलेला हात हवा. आणि सोडून झाल्यावर हात धुवा, कारण त्याच्या अंगावरचा स्राव आपल्या डोळ्यांना झोंबू शकतो. मुलांना डबीत कोरडा बेडूक ठेवू देऊ नका. मी लहानपणी काडेपेटीच्या मोठ्या खोक्यात ठेवला होता, वर भोकंही पाडली होती, हवा यावी म्हणून. सकाळी तो मेलेला होता. हवा होती, पण ओल नव्हती. हे मला कळायला वीस वर्षं लागली.

तुमच्या घरी शेती असेल, फवारणीचा हाच प्रश्न असेल आणि तुम्ही काही वेगळी वाट काढली असेल, तर मला नक्की कळवा. बाबांनाही वाचून दाखवीन. त्यांचा दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार.